ज्या डब्यात कार्डच नव्हतं

आमच्या घरी ओव्हन नावाचा डबा आहे. दोन वर्षं झाली त्याला येऊन. आला त्या दिवशी शेजारपाजारचे सगळे पाहून गेले आणि प्रत्येकाने एकच विचारलं, यात काय काय बनते? यात काय काय आहे, हे एकानेही विचारलं नाही. ज्याने विकला त्या दुकानदारालाही ते ठाऊक नव्हतं. मी त्याला विचारलं तर त्याने दार उघडलं आणि म्हणाला, आतून किती मोठा आहे पाहा. रिकामी जागा दाखवून माल विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. त्यातलीही अर्धी शाळा तलावाच्या पाळीवर गेली. पण लाखनीजवळच्या एका राइस मिलमध्ये मी अठ्ठावीस वर्षं बॉयलरची भट्टी सांभाळली आहे. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवून वाफेवर घ्यावं लागतं, आणि ती वाफ माझ्या हातची असे. लोक म्हणत, हा भट्टीत भुसा टाकतो. भुसा कोणीही टाकेल. आग किती, तिला हवा किती, दार किती वेळ उघडं ठेवायचं, आणि पाणी कमी झालं तर पहिल्यांदा काय वितळेल, हे ज्याला कळतं त्याला फायरमन म्हणतात. मिलचा मॅनेजर शिकलेला होता. तो काचेच्या केबिनीत बसून वाफेचा काटा पाहायचा. मी इकडे भट्टीच्या आवाजावरून सांगायचो, काटा कुठे असेल. चुकलो तर सांगा, असं मी त्याला दर वर्षी म्हणायचो. त्याने कधी काही सांगितलं नाही.

तर असा माणूस घरात असताना सुनेने मोबाइलवर पाहून आगीचं काम शिकावं, याचा मला राग होता. तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

सून बारावी झालेली आहे. मुलगा नागपूरला कंपनीत असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्यानेच डबा आणला. सून त्यात नानकटाई करते, अर्धी मैद्याची आणि अर्धी आमच्याच धानाच्या तांदळाच्या पिठाची. बचत गटाच्या बाया नेतात, शाळेचे मास्तर नेतात. मी खाल्ली आहे. दात नसलेल्या माणसाला बरी आहे.

एकदा ती बटन फिरवत होती तेव्हा मी विचारलं, हे काय करून राहिली? एकशे साठवर वीस मिनिटं, असं तिने सांगितलं.

"एकशे साठ काय?"

"डिग्री, मामाजी."

"अन ते मोजते कोण?"

"तेच मोजते."

"तेच म्हणजे कोण?"

तिने डब्याकडे बोट दाखवलं. बारा वर्षं शाळेत जाऊन माणूस इथे पोहोचतो. मी पुढे विचारलं नाही.

आता पानग्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. आमच्याकडे पौषात पानगे होतात. कणकेचा जाड गोळा थापायचा, पळसाच्या पानात गुंडाळायचा, पान सुटू नये म्हणून बांबूची बारीक काडी टोचायची, पत्रावळीला टोचतात तशी. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खाली-वर दाबून ठेवायचा. पान जळून जातं, त्याच्या शिरा पानग्यावर उमटतात, आणि पळसाचा धूर आत शिरतो. सोबत वांग्याची भाजी. गावात मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांचे पानगे एकाच जाळात होतात, आणि तो जाळ गेली कित्येक वर्षं मी लावत आलो आहे. यंदा गुडघे वाकले नाहीत. खुर्चीवर बसून मी लोकांना सांगत होतो, गोवरी इकडून लाव, तिकडून काढ, आणि लोक मान हलवून आपल्याच मनाचं करत होते. निम्मे पानगे करपले, निम्मे आत कच्चे. खाणाऱ्यांनी छान म्हटलं. अशा लोकांसाठी आपण आयुष्य भट्टीपुढे काढलं, असं वाटलं.

घरी आल्यावर सून म्हणाली, "मामाजी, ओव्हनमदी बी पानगे होतात. मी मोबाइलवर पायले."

मी म्हणालो, "होतात. अन म्हशी झाडावर चढतात."

ती हसली आणि कामाला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं. हे खोटं आहे हे मला ठाऊक होतंच, पण ते दिसायला पाहिजे होतं.

पुढच्या रविवारी ती बचत गटाच्या बैठकीला लाखनीला गेली. मी कणीक मळली. परसातल्या पळसाची पानं आणली. पानाशिवाय तो पानगा नाही, नुसता कणकेचा गोळा; तेव्हा पान गुंडाळलं, काड्या टोचल्या, आणि जाळीवर मांडून ती करते तशी बटनं फिरवली. आतला पिवळा दिवा लागला. मागून पंख्याचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने पानं सुकली, फडफडायला लागली, आणि काचेतून मला त्यांचे तुकडे उडताना दिसले. मग खट, खट, खट असं झालं आणि पंख्याचा आवाज थांबला. बारीक गुणगुण तेवढी राहिली.

मी पंख्याच्या भट्टीवर अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. पंखा थांबला हे मला कळलं. पण मी मनात म्हटलं, त्याचं काम झालं असेल. या वाक्याची मला अजून लाज वाटते. असं वाक्य मॅनेजर बोलला असता तर मी त्याला जेवणाच्या सुट्टीत दहा जणांत ऐकवलं असतं.

पानगे शिजले होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण शिजले होते, आतपर्यंत. धूर मात्र नव्हता, वास नव्हता, वरची शीर नव्हती. दोन खाल्ले, बाकी गाईला टाकले. जाळी पुसली, पानांचे तुकडे वेचले. मिलमध्ये भट्टीत घातलेली प्रत्येक सळई बाहेर आल्यावर मी मोजून भिंतीला टेकवत असे. इथे काड्या मोजल्या नाहीत.

त्या बैठकीहून सून मोठी खुश होऊन आली. हायवेवरच्या एका मिठाईवाल्याशी तिचं बोलणं झालं होतं. मंगळवारी सकाळी दोन मोठे डबे भरून नानकटाई आणा, म्हणाला होता. लोकांना आवडली तर तो रोज ठेवणार होता. नाहीतर साकोलीची एक बाई तयारच होती. रोज म्हणजे घरबसल्या कायमचं काम. सून त्या संध्याकाळी दोनदा पीठ चाळत होती.

सोमवारी सकाळी तिने पहिलं ताट आत ठेवलं. वीस मिनिटांनी काढलं तर नानकटाई ठेवली तशीच, नुसतं तूप सुटलेलं. दिवा लागत होता, घंटी वाजत होती, पण ताप नव्हता. तिने बटनं उलटसुलट करून पाहिली. मी ओसरीवर बसून सगळं पाहत होतो आणि रविवारी थांबलेला पंखा मला आठवत होता.

लाखनीहून मेकॅनिक बोलावला. पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस, गळ्यात मोबाइल. त्याने दार उघडलं. मोबाइलचा उजेड आत टाकला. दार लावलं. "कार्ड गेलं," म्हणाला. कार्ड म्हणजे यंत्र चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी; नागपूरहून मागवावं लागेल, आठ-दहा दिवस. संध्याकाळी गाडी घेऊन येतो, डबा दुकानात न्यावा लागेल. सुनेने विचारलं, उद्यापर्यंत काहीच नाही का होणार. तो म्हणाला, "ताई, हे मशीनचं काम हाये, चुलीचं नाई." आणि चहा पिऊन गेला. पेचकस त्याच्या खिशातच राहिला. रोगी न तपासता औषध सांगणारा वैद्य निदान नाडी तरी धरतो.

मग सुनेने नवऱ्याला फोन केला. फोन मोठ्या आवाजात होता. तो म्हणाला, तूच सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवते, जळणार नाही तर काय.  फोन ठेवून ती ओट्यापाशी गेली आणि कालवलेल्या पिठावर ओलं फडकं टाकलं.

मी पेचकस मागितला. कोणाची दया आली म्हणून नाही. "कार्ड गेलं" हे दोन शब्द माझ्या कानात खुपत होते. जे पाहिलंच नाही ते गेलं असं म्हणायचं, याला माझ्या हिशोबी एकच शब्द आहे आणि तो इथे लिहिता येत नाही.

सून घाबरली. "मामाजी, तुमी नका हात लावू. अजून बिघडन."

"बिघडलेलं अजून काय बिघडन? टॉर्च धर."

आधी मी डबा नुसता सुरू करून कान लावला. मागून बारीक गुणगुण येत होती. म्हणजे मोटरला वीज जाते आहे, पण ती फिरत नाही. एवढं त्या मेकॅनिकला बसल्या जागी कळलं असतं, पण त्याने डबा सुरूच केला नव्हता. मग पिन काढली, वायर माझ्या खांद्यावर टाकली म्हणजे कोणी चुकून लावणार नाही, आणि पाठ उघडली.

आता त्या डब्यात काय आहे ते ऐका, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आहे आणि तुम्ही त्याला जादूचा समजता. दोन पत्र्यांच्या पेट्या आहेत, एकीत एक. मध्ये काचेचा पांढरा कापूस कोंबला आहे, आतली आच बाहेर येऊ नये म्हणून. आम्ही मिलमध्ये वाफेच्या नळ्यांना गोधड्या गुंडाळत होतो, तेच. त्या कापसाला उघडा हात लावू नका, रात्रभर खाजवाल. दाराच्या चौकटीला रबरासारखी मऊ पट्टी आहे. ती फाटली की गरम हवा बाहेर, आणि बाई म्हणते केक फुगत नाही. आमच्या भट्टीच्या दाराला पांढरी दोरी असे. पट्टी म्हणा की दोरी म्हणा.

वर एक सळई, खाली एक सळई. त्यांच्यातून वीज गेली की तापतात. नुसत्या याच असत्या तर तो साधा ओव्हन. सळईजवळचं करपणार आणि मधलं पांढरं राहणार, आमच्या यंदाच्या पानग्यांसारखं. म्हणून मागच्या भिंतीत चाळणीसारखा भोकांचा पत्रा, त्याच्यामागे पंखा, आणि पंख्याभोवती आणखी एक गोल सळई. पंखा मधून हवा ओढतो, सळईवरून नेतो आणि कडेने परत आत ढकलतो. हवा फिरत राहते, म्हणून सगळीकडे सारखं भाजतं. याला कन्व्हेक्शन म्हणतात, सुनेने सांगितलं. आम्ही ब्लोअर म्हणत होतो.

आणि एकशे साठ कोण मोजतं, तेही सापडलं. तांब्याची एक बारीक नळी, उंदराच्या शेपटीएवढी, आत भिंतीला चिकटून बसलेली असते. तिच्या पोटात काहीतरी पातळ भरलेलं आहे. ते तापून फुगलं की दुसऱ्या टोकाला बटनामागचा पत्रा ढकलला जातो आणि वीज तुटते. निवलं की पुन्हा जोडली जाते. टक, टक. मी सुनेला जवळ बोलावून दाखवलं, हे पाहा तुझं "तेच".

कार्ड कुठेच नव्हतं. मी कडेचा पत्राही काढून पाहिला. तीन बटनं, त्यांच्यामागून निघालेल्या वायरी, घंटीचं घड्याळ. संपलं. ज्या डब्यात कार्डच नाही, त्याचं कार्ड जाळून तो माणूस चहा पिऊन गेला होता.

एक चीज मात्र पाहून मला बरं वाटलं. वरच्या पत्र्यावर रुपयाएवढी एक गोल टिकली होती, दोन वायरींची, मध्ये बारीकशी खुंटी. खुंटी वर आलेली होती. आमच्या बॉयलरमध्ये शिशाची गुल्ली असायची. पाणी कमी झालं आणि पत्रा तापला की ती आधी वितळायची, वाफ सुटून आग विझायची. स्वतः मरून बॉयलर वाचवायची. ही त्याच जातीची. पंखा थांबला, सगळी आच त्या गोल सळईपाशी साठली, आणि या टिकलीने सळयांची वीज तोडून डबा जळू दिला नाही. त्या पूर्ण घरात रविवारी स्वतःचं काम चोख करणारी ती एकटीच होती.

मी खुंटी दाबली. टक करून बसली. मग आतून चाळणीचे चार पेच काढले. पंख्याच्या पात्यांत पळसाच्या पानाचा चुरा होता, आणि पातं आणि पत्रा यांच्या फटीत आडवी गेलेली माझी बांबूची काडी. एका टोकाने काळी झाली होती.

सून टॉर्च धरून मागे उभी होती, पण तिच्या बाजूला माझी पाठ होती. काडी मी मुठीत घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. चुरा फडक्याने पुसला. पंख्याला बोट लावलं, तो भिंगरीसारखा फिरला. चाळणी लावली, पाठ लावली, पिन लावली. दहा मिनिटांत दाराच्या काचेला हात लावून सून म्हणाली, तापलं. काय झालं होतं, विचारलं तर मी म्हणालो, कचरा. हे खोटं नव्हतं.

दुपार टळेपर्यंत तीन ताटं निघाली. घरभर तुपाचा वास. तेवढ्यात मेकॅनिक गाडी घेऊन हजर. डबा चालू पाहून म्हणाला, कार्ड कधी कधी आपोआप बसते.  मूर्खाला उत्तर द्यायचं तर आधी जोर गोळा करावा लागतो. सुनेने त्यालाही चहा दिला आणि बशीत दोन नानकटाया.

मग मुलाचा फोन आला. ती म्हणाली, सुरू झालं. तिकडून त्याने पुन्हा तेच सुरू केलं असावं, कारण ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हो. माहीच चूक झाली. आता दोन ताटं झाले की दिवसभर बंद ठेवत जाईन. त्या मिठाईवाल्याले उद्या एवढे दोन डबे देते, अन रोजचं नाई जमत म्हणून सांगते."

दोन ताटांत रोजचे डबे भरत नाहीत. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. हातची गोष्ट ती सोडून देत होती, आणि ज्या चुकीसाठी सोडत होती ती माझ्या खिशात होती.

माझ्यासमोर तो मेकॅनिक बशीत चहा ओतून बसला होता. दुसरा कोणी असता तर सोपं झालं असतं. हा माणूस हायवेवरच्या प्रत्येक पानठेल्यावर थांबतो.

मी काडी काढून नानकटाईच्या रिकाम्या ताटात टाकली. पत्र्यावर तिचा आवाज झाला.

"त्याले सांग, तुही चूक नाई. पंख्यात हे होतं. रविवारी मी यात पानगे केले. पान लावून."

मेकॅनिकचा चहा नाकात गेला. खोकून झाल्यावर तो हसला, आणि बराच वेळ हसला. "काकाजी, ओव्हनमदी पळसाचं पान?"

मी म्हणालो, "हो. अन ज्यात कार्ड नाई त्यात तुमाले कार्ड दिसलं. आपण दोघं बरोबरीचे."

तो हसायचा थांबला. मग कार्डाचं पुन्हा निघालं नाही.

सुनेने फोन ठेवला होता. काडी उचलून तिने उजेडात धरली, काळं टोक पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. बोलायचा तिला हक्क होता आणि मी ऐकून घेतलं असतं, एकदा.

ती म्हणाली, "शिजले होते का पण?"

"शिजले होते."

"मंग?"

"वास नव्हता."

"मले एक ठेवाचा होता," ती म्हणाली, आणि चौथं ताट आत सरकवलं.

मंगळवारी दोन्ही डबे लाखनीला गेले. मिठाईवाल्याने ठेवून घेतले आणि बुधवारचे सांगितले. तेव्हापासून रविवार सोडून डबा रोज चालतो, सहा ताटं, कधी आठ. जळत नाही. नागपूरच्या साहेबाने, म्हणजे माझ्या मुलाने, अजून माफी मागितलेली नाही; तो शिकलेला आहे, त्याला वेळ लागेल.

त्या मेकॅनिकने गोष्ट सगळीकडे सांगितली, जसं मला ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी लोक मला विचारतात, काकाजी, पानगे कसे झाले? हसोत. हसणाऱ्यांपैकी एकाच्याही घरचा पंखा कोणत्या बाजूला फिरतो हे त्याला सांगता येणार नाही.

रविवारी डबा बंद असतो. सून सकाळी ओसरीपर्यंत येते आणि म्हणते, मामाजी, मागचं पाहून घ्या. मी पिन काढतो, वायर खांद्यावर टाकतो, चाळणीचे चार पेच काढतो. आजपर्यंत आत काही सापडलेलं नाही. पिठाची भुकटी असते, तेवढी पुसतो. हे काम दुसऱ्या कोणाला सांगावं तर तसा माणूस घरात नाही, आणि लाखनीत तर नाहीच नाही.